मदत हवी आहे: पायथन 3.8 वर नीट चालणारा इनम 3.12 वर लेबलावर भलतंच छापतोय

मंडळी, दोन दिवस झाले डोकं चालंना. इथं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा कारखाना आहे, तिथं गठ्ठ्यांवरची लेबलं काढायचा प्रोग्राम मीच लिहिलाय. जुना पीसी विंडोज 7 चा, म्हणून 3.8 च्या पुढं जाताच येत नव्हतं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत मालकांनी नवा घेतला, मी 3.12 टाकलं आणि तिथनं घोळ सुरू.

इनमचं (म्हणजे ठरलेली नावं आणि त्यांच्या व्हॅल्यूंची यादी) नाव माल, स्ट्रिंग (मजकूर) आणि इनम दोन्हीवरनं घेतलेला, त्यात चादर = "चा", टॉवेल = "टॉ" (नावं मराठीतच ठेवलीत, पायथन 3 ला चालतात, हसू नका). लेबल एफ-स्ट्रिंगनं (मजकुरात व्हॅल्यू भरायची पायथनची सोय) बनतं, आधी माल, मग डॅश, मग गठ्ठा नंबर. जुन्यावर "चा-2417" यायचं, नव्यावर "माल.चादर-2417" येतंय आणि स्टिकर एवढासा, शेवटचे दोन आकडे कापूनच जातात. काल ट्रान्सपोर्टवाल्यानं सगळ्या गठ्ठ्यांवर नुसतं 24 बघितलं आणि टेम्पो तसाच परत पाठवला, बोलणी मला.

गंमत म्हणजे माल.चादर == "चा" अजून ट्रूच येतं, जेसनमधे (डेटा साठवायचा फॉरमॅट) "चा"च जातंय, एका ठिकाणी प्लसनं जोडलंय तिथंपण बरोबर. स्ट्र() मधे (मजकुरात बदलणारं फंक्शन) घालून बघितलं, तेच "माल.चादर". आणि गोडाऊनला जुना पीसी अजून चालूच आहे, त्यामुळं कोड दोन्हीकडं चालायला पाहिजे.

प्रतिसाद:
दादा, तुमचं काय चुकलं नाही, हे 3.11 मधे बदललंय. आधी अशा मिक्स इनमला एफ-स्ट्रिंग व्हॅल्यू द्यायची आणि स्ट्र() मात्र क्लासचं नाव लावून द्यायचं, आता दोन्ही क्लासचं नाव लावूनच देतात. स्ट्रइनम (स्ट्रिंगसाठीचा तयार इनम) सुचवला असता पण तोही 3.11 लाच आला, गोडाऊनच्या पीसीवर इम्पोर्टलाच अडकेल. एफ-स्ट्रिंगमधे सरळ .व्हॅल्यू लिहा, दोन्हीकडं चालतंय. आणि "चा" इन माल असं कुठं तपासू नका, 3.12 ट्रू देईल, 3.8 टाइपएरर फेकेल.

धागाकर्ता:
झालं राव! सात ठिकाणी .व्हॅल्यू घातलं, "चा-2418" छापून आलं. "इन"वालं एक ठिकाणी खरंच होतं, कालच नव्या पीसीवर लिहिलेलं.