वीर्य, शुक्र, रेत, धातू : कोणता शब्द कशासाठी?

प्रश्न : वयात येणाऱ्या मुलांसाठी शरीरशास्त्राची छोटी पुस्तिका मराठीत लिहितो आहे. गर्भाशय, अंडाशय, पाळी इथपर्यंत काही अडलं नाही. पुरुषाच्या शरीराकडे वळलो आणि वीर्य, शुक्र, रेत, धातू यांत गुंतलो. शब्दकोशात एक उघडावा तर बाकीचे तीन अर्थ म्हणून समोर. मुलांना यातला कोणता द्यावा? आणि वृषण म्हणजेच अंडकोश का?

—

शब्दाआधी वस्तू ठरवा, कारण इथे वस्तू दोन आहेत. एक बाहेर येणारा द्रव, दुसरी त्यात पोहणारी पेशी. पेशी वृषणात तयार होते. द्रव मात्र बहुतेक दुसरीकडचा : ६० ते ७० टक्के शुक्राशय या ग्रंथीतून, २० ते ३० टक्के प्रोस्टेट ग्रंथीतून. वृषणाकडून येणारा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के. म्हणून द्रवाला वीर्य म्हणा, पेशीला शुक्राणू, आणि पुस्तिकाभर हे पाळा. नसबंदीत शुक्रवाहिनी, म्हणजे वृषणाकडून शुक्राणू पुढे नेणारी नळी, कापून बांधतात, तरी वीर्य कमी झाल्याचं जाणवत नाही, ते याचमुळे. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर हे साधं वाक्यसुद्धा लिहिता येणार नाही.

जुन्या पुस्तकांत 'शुक्रजंतू' भेटतो. १६७७ साली डच संशोधक लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले तेव्हा त्यालाही ते चिमुकले प्राणीच वाटले होते, तेव्हा शब्द अगदीच वावगा नव्हता. पण आज जंतू म्हटलं की आजार आठवतो. तो टाळलेलाच बरा.

—

संस्कृतच्या अंगाने थोडी भर. वीर्य हा शब्द वीर वरून आला. मूळ अर्थ पराक्रम, जोम. औषधाच्या शक्तीलाही आयुर्वेद वीर्यच म्हणतो, उष्णवीर्य आणि शीतवीर्य ही जोडी तिथली. शुक्र म्हणजे तेजस्वी, शुभ्र. आकाशातला शुक्र आणि हा शुक्र एकाच मुळाचे. रेतस् मध्ये वाहण्याचा अर्थ आहे.

धातूचं प्रकरण निराळं. आयुर्वेदात शरीर घडवणारे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू, प्रत्येक आधीच्यापासून घडणारा, शुक्र सर्वांत शेवटचा. या मांडणीची लोकांनी आपल्या परीने केलेली आवृत्ती म्हणजे 'रक्ताच्या अमुक थेंबांतून वीर्याचा एक थेंब'. शरीरात असं रूपांतर होत नाही. तरी 'धातू जातो', म्हणजे वीर्य वाया जातं, म्हणून धास्तावलेली तरुण मुलं डॉक्टरकडे येतात. पुस्तिकेत तुम्ही स्वतः धातू वापरू नका, पण त्या शब्दाबद्दल दोन ओळी जरूर लिहा. मुलांच्या कानावर तो पडणारच आहे. स्वप्नदोषाचंही तेच. दोष कसला? 'झोपेत वीर्य बाहेर येणे' एवढं पुरे.

—

रेत हा शब्द जुना झाला असं कुणाला वाटेल, पण पशुवैद्यकात तो रोजचा आहे : कृत्रिम रेतन, गोठित रेतमात्रा (गोठवलेल्या वीर्याची मात्रा). आमच्याकडचा दुसरा शब्द खच्ची. बैल खच्ची करताना वृषणच निकामी करतात किंवा काढतात. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन हे वृषणात बनणारं पुरुष-संप्रेरक जवळपास बंद होतं आणि जनावराचा स्वभाव, अंगलट बदलते. नसबंदीत वृषणाला हातही लागत नाही. टेस्टोस्टेरॉन थेट रक्तात जातं, शुक्रवाहिनीतून नाही, त्यामुळे दाढी, आवाज, इच्छा सगळं जागच्या जागी राहतं. तरीही नसबंदीला खच्ची होणं समजणारे भेटतात. ('मानसिक खच्चीकरण' उठता-बसता लिहिणाऱ्यांना मूळ क्रिया ठाऊक असेल का, कोण जाणे!)

—

अंडकोशाचं राहिलं. अंड म्हणजे वृषण आणि कोश म्हणजे पिशवी, म्हणजे खरा अर्थ पिशवीच. बोलताना लोक आतल्या ऐवजासकट सगळ्यालाच अंडकोश म्हणतात. त्यात अंडाशय आणि अंडपेशी स्त्रीच्या बाजूला, त्यामुळे मुलांची गफलत ठरलेली. वृषण आणि वृषणकोश अशी जोडी ठेवा.

ही पिशवी बाहेर का, हेही सांगा. शुक्राणू तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ३ अंश सेल्सिअस कमी तापमान लागतं. गारठ्यात ती आकसते, उकाड्यात सैल पडते. एक वृषण, बहुधा डावं, थोडं खाली असतं. हे कुणी विचारत नाही, मनात मात्र घोकत राहतात. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, तसलाच प्रकार. मात्र वृषणात अचानक जोराची कळ आली तर लाजत बसू नये, काही तासांच्या आत उपचार लागतात, हे ठळक अक्षरांत छापा.

वृषणाच्या पाठीशी चिकटलेली नळीची गुंडाळी म्हणजे अधिवृषण. उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल. शुक्राणू इथे पक्व होतात, पोहण्याची क्षमता मिळवतात आणि इथेच साठून राहतात. म्हणून 'शुक्राशय' या शब्दावर माझा आक्षेप आहे. मूत्राशयात मूत्र साठतं, तसे शुक्राशयात शुक्राणू साठत असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. साठत नाहीत. ती फ्रुक्टोज ही साखर असलेला द्रव स्रवणारी ग्रंथी आहे. पण पाठ्यपुस्तकांत शब्द रुळलाय, आता बदलायला जाऊ नका. खाली एक टीप द्या.

—

प्रोस्टेटला काय लिहू? पुरःस्थ ग्रंथी की पौरुषग्रंथी?

—

पुरःस्थ. पौरुषग्रंथी वाचून ती काढली म्हणजे पौरुषच गेलं असं वाटतं, आणि पौरुषाचं संप्रेरक तर वृषणात बनतं. कंसात प्रोस्टेट लिहा, तोच सगळ्यांना कळतो.

—

आणि लिंग की शिश्न?

—

अवयवाला शिश्न. लिंग म्हणजे खूण. व्याकरण, अर्जातला रकाना, देवळातली पिंडी, सगळीकडे तो पसरलाय.

नपुंसक आणि वंध्य हेही वेगळे ठेवा. ताठरता न येणं हा रक्तप्रवाह, नसा, मन यांचा प्रश्न. मूल न होणं हा शुक्राणूंची संख्या, हालचाल वगैरेंचा असू शकतो. एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. नपुंसक हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, म्हणून मी तर 'ताठरतेची अडचण' असंच लिहीन.

—

शेवटची शंका. लघवी आणि वीर्य एकाच वाटेने येतात, मग मिसळत नाहीत?

—

वाट एकच, मूत्रमार्ग. पण स्खलनाच्या वेळी मूत्राशयाचं तोंड आवळून बंद होतं, त्यामुळे लघवी खाली येत नाही आणि वीर्य उलटं वर जात नाही.