गच्चीवरच्या कुंड्या खारी उकरूलेत, विष न घालता काय करता येईल?

टिळकवाडीची_गच्ची:
नमस्कार मंडळी, गच्चीवर पेंटच्या रिकाम्या बादल्या आणि ग्रो बॅगमध्ये टोमॅटो, मिरची, मेथी लावलीय. शेजारच्या आंब्याची फांदी आमच्या कठड्यावर आलीय आणि तिथनं खारी उतरतात, मेथी पेरली की माती उकरून ठेवलेलीच, टोमॅटो जरा लाल झाला की एका बाजूनं कुरतडून टाकलेला, पूर्ण खात पण नाहीत बघा! रात्री आणि काहीतरी येतंय, एका बॅगला खालनं भोक पाडलंय. शेजारचे काका म्हणूलेत उंदराचं औषध ठेवा, पण घरात लहान पोरगं आहे, आणि खारीला मारायचं मनात पण येत नाही. मिरचीपूड टाकली तर पावसात धुवून गेली. कंटाळले मी.

अनगोळकर:
औषध अजिबात नको ताई. ब्रोमॅडिओलोनवालं असेल तर उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस तसाच हिंडतो आणि त्याला मांजरानं नाहीतर घुबडानं खाल्लं की विष त्यांच्या पोटात. भोक पाडणारी घूस नाहीतर उंदीरच असणार, खार दिवसाची येते. हार्डवेअरमध्ये अर्धा इंची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची कडक जाळी) मागा, एक इंची चिकन जाळी नको, त्यातनं उंदराची पिल्लं आरामात आत शिरतात. बादलीच्या तोंडाएवढी गोल कापायची, मातीवर दाबून बसवायची, रोपासाठी मध्ये भोक, कापलेली टोकं आत वळवा नाहीतर हात फाडून घ्याल. मेथीला तर उगवून जरा वर येईपर्यंतच जाळी लागते. आणि ती फांदी शेजाऱ्यांना विचारून छाटून घ्या की, अर्धा त्रास तिथंच संपेल. खत म्हणून शेंगदाणा पेंड नाहीतर बोनमील (हाडांचा चुरा) घालताय काय? त्याच्या वासानं उंदीर, कुत्री सगळी गोळा होतात.

निपाणीवाला:
आमच्याकडं तंबाखूला काय तोटा, तंबाखूचं पाणी शिंपडा, कोण फिरकणार नाही 😄

अनगोळकर:
दादा, टोमॅटो-मिरचीला ते नको. निकोटिन विषारी, कातडीतनं पण अंगात जातं, आणि तंबाखूतला मोझॅक व्हायरस टोमॅटो-मिरचीला लागतो, पानं चट्ट्यापट्ट्याची होऊन आकसतात. तंबाखू मळून तसंच रोपाला हात लावणाऱ्यांनी पण आधी साबणानं हात धुवावेत. डांबरगोळ्या पण कुंडीत टाकू नका, त्या पण विषारीच, पोरगं गोळी समजून तोंडात घालायचं.

खानापूरचा_माणूस:
खारीचंच दुखणं आहे तर सुखी आहात तुम्ही, आमच्याकडं वानरं टोळीनं येतात आणि कुंडीच उलटी करून जातात, जाळीबिळी काय चालत नाही. आम्ही बाहेर आलं-हळद ठेवलीय, त्याला फारसं तोंड लावत नाहीत, आणि टोमॅटो खिडकीच्या ग्रिलच्या आत. एक सांगतो, ती बारीक नायलॉनची ढिली जाळी कोण घेऊ नका. त्यात धामण अडकते, पक्षी अडकतात, आणि सोडवायला गेलं की आपल्यालाच चावतात. लावायचीच तर घट्ट ताणून लावा आणि रोज बघा.

वडगावची_वैनी:
टोमॅटो पूर्ण लाल व्हायची वाटच बघू नका ओ. खालच्या टोकाला जरा गुलाबी छटा आली की तोडा, घरात टोपलीत पिकतो, चवीत काय फरक पडत नाही, फ्रीजमध्ये तेवढा घालू नका. आणि उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा, कुंड्यांपासून लांब. खार पुष्कळदा तहानेपोटी पण फळ फोडते.

टिळकवाडीची_गच्ची:
पेंड घालतेच आहे मी, आता मातीत खोल गाडते. फांदीचं आजच विचारते. जाळीचा पिंजराच करून घेतला तर मधमाश्या कशा येणार, फळ धरेल काय?

अनगोळकर:
टोमॅटो-मिरचीची काळजी नको, त्यांचं फूल आपल्याआपण फळतं, सकाळी देठाला हलकी टिचकी मारा बस्स. काकडी-दोडका लावणार असाल तर मात्र मधमाशी पाहिजे, काकडीचं फूल सकाळी उघडतं आणि दोडक्याचं संध्याकाळी, तेवढ्या वेळापुरतं पिंजऱ्याचं दार उघडा नाहीतर नर फूल तोडून हातानंच मादी फुलाला लावा. दाराला कडी लावा, नुसतं टेकवून ठेवलं तर घूस ढकलून आत जाते.