पू हिरवा का असतो? पांढऱ्या पेशी जंतू मारतात कशाने?

बारावीवाला: मांडीवर गळू झालेलं ते काल फुटलं, पू हिरवट पिवळा. आई म्हणते विष निघतंय, निघू दे. पण पुस्तकात फक्त पांढऱ्या पेशी जंतू गिळतात एवढंच दिलंय, गिळून पुढे काय, पचवतात का? कोणी नीट सांगा ना

लॅबवाला: विष नाही रे, तुझ्याच मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) आहेत त्या. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं आणि त्याचा रंगच हिरवा, 1941 मध्ये आग्नेर नावाच्या शास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं तेव्हा नावसुद्धा व्हर्डोपेरॉक्सिडेज ठेवलेलं, व्हर्डो म्हणजे हिरवं. आता मारतात कसं, तर जंतू गिळला की पेशीत त्याच्याभोवती पिशवी तयार होते, एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम तिथे ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, मग मायलोपेरॉक्सिडेज ते आणि क्लोराइड (मिठातलंच) घेऊन हायपोक्लोरस अ‍ॅसिड बनवतं. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकतात ना, तिथेही जंतू मारायचं मुख्य काम हेच करतं. शिवाय लायसोझाइम नावाचं एन्झाइम काही बॅक्टेरियांची भिंत कापतं, इलास्टेज हे आणखी एक प्रोटीन तोडतं, म्हणजे पचवणंही आहेच

माधुरी_एमएससी: छान सांगितलंत, पण एक गंमत राहिली. काही लोकांत मायलोपेरॉक्सिडेज जन्मतःच नसतं आणि बहुतेकांना पत्ताही नसतो, डायबेटिस असेल तर कधीतरी कॅन्डिडा ही बुरशी त्रास देते इतकंच. उलट एनएडीपीएच ऑक्सिडेज बिघडलेलं असेल तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाचा आजार होतो, लहानपणापासून स्टॅफ (बॅक्टेरिया) आणि अ‍ॅस्परजिलस (बुरशी) यांची वारंवार इन्फेक्शन. त्यामुळे सगळं श्रेय टीसीएलला देऊ नका, खरी गोची आधीच्या पायरीवर होते

गप्पू: सगळा हिरवा पू या एन्झाइमचाच का? आमच्याकडे एकाची जखम अगदी निळसर हिरवी होती

लॅबवाला: नाही, स्युडोमोनास नावाचा बॅक्टेरिया स्वतःच निळसर हिरवा रंग सोडतो, वासही गोडसर येतो. नुसत्या रंगावरून ठरवायचं नाही, कल्चर करावं लागतं, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघावे लागतात. @बारावीवाला ताप असेल किंवा लाली पसरत असेल तर डॉक्टरला दाखव, आणि पिळू नकोस

बारावीवाला: ताप नाही. आईला टीसीएलचं सांगितलं तर म्हणते मग वरून थोडी लावून बघू का 😅

लॅबवाला: अजिबात नाही!! कातडी जळेल. डबा लपवून ठेव आधी