मदत हवी आहे: कॅन्सरची ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहतं का?

आत्याला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज, ईजीएफआर म्युटेशन (कॅन्सरच्या पेशींतल्या एका जनुकातला बदल) पॉझिटिव्ह. गोळ्यांनी बरेच महिने आजार आटोक्यात होता, आता पुन्हा वाढलाय. मुंबईतल्या डॉक्टरांनी फेज 3 ट्रायल (नवं औषध नेहमीच्या उपचाराशी ताडून पाहणारी चाचणी) सुचवली आहे. एका गटाला नवं औषध आणि केमो, दुसऱ्याला नेहमीची केमो. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. म्हणजे कुणालाच बिनउपचार ठेवत नाहीत (घरी सगळ्यांना हे समजावताना नाकीनऊ आले).

सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) वेबसाइटवर या ट्रायलची नोंदणी पाहिली. संमतीपत्र मराठीत आहे, दोनदा वाचलं. मधेच बाहेर पडता येतं, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई, हे सगळं त्यात आहे. घर सांगलीला, पण राहण्याची सोय खारघरला नातेवाइकांकडे आहे.

अडलंय एकाच ठिकाणी. औषधांच्या ट्रायल्सबाबतच्या 2019 च्या नियमांनुसार औषध लागू पडत असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर एथिक्स कमिटीच्या (ट्रायलमधल्या रुग्णांचं हित जपणारी समिती) मान्यतेने ते ट्रायलनंतरही मोफत देण्याची तरतूद आहे. फॉर्मवर मात्र 'नियमांनुसार' एवढंच. ट्रायलच्या समन्वयकांना विचारलं, तेही तेवढंच म्हणाले.

आयुर्वेद, आहार वगैरे सल्ले कृपया नकोत. पुढच्या आठवड्यात सही करायची की नाही ते सांगायचंय. तुमच्या घरातलं कुणी अशा ट्रायलमध्ये होतं का, आणि ती संपल्यावर औषध प्रत्यक्षात चालू राहिलं का? सही करण्याआधी हे लेखी मागायचं तर कुणाकडे, डॉक्टरांकडे की थेट एथिक्स कमिटीकडे?