प्रति: उंचीच्या नकाशावरून शेताची माती कळते का?

उंचीचा फुकट डेटा उतरवला की पाच एकरांचा माती-नकाशा तयार, खड्डे खणायलाच नकोत, असं वर कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं.

आमच्याकडे इंदूर-महू पट्ट्यात खाली सगळा बेसाल्ट, म्हणजे सगळीकडे एकच काळा खडक. त्यामुळे माती बरीचशी उतारावर ठरते: माथ्यावर वीतभर मुरमाड थर, खाली नाल्याकडे जावं तशी काळी माती खोल होत जाते. पूर्ण तालुक्याचा विचार असेल तर उतार आणि पाणी कुठे गोळा होतं एवढं काढलं तरी चित्र बऱ्यापैकी जमतं.

शेताच्या पातळीवर मात्र घोळ. एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा फुकट डेटा २००० सालचा, एक चौकट ३० मीटरची, म्हणजे एकरात जेमतेम साडेचार चौकटी! शिवाय उंची पूर्ण मीटरमध्येच. सांवेरकडच्या सपाट रानात बांधापासून बांधापर्यंत उतार असतो हातभर. नकाशात तो दिसणार कुठून? त्यात रडारला झाडांचे शेंडेही जमीनच वाटतात, त्यामुळे आमराई टेकडी होऊन बसते. सोयाबीन नेमकं त्या हातभर खोलगटात पिवळं पडतं.

म्हणून नकाशा वापरा तो खड्डे कुठे घ्यायचे हे ठरवायला. माथा, मधला उतार, तळ अशा तीन ठिकाणी गिरमिटाने मीटरभर खोल जा. मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका. फेस आला तर चुनखडी आहे. आणि बांधबंदिस्तीसाठी उंची हवी असेल तर सरळ लेव्हल लावून मोजणी करून घ्या.