मिल्कवीडवर मावा पडलाय, मोनार्कच्या अळ्या कशा वाचवू?

दुर्वा_एनजे: आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. मागच्या अंगणात ऊन भरपूर, पण माती चिकण, पाणी साचतं. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या मिल्कवीड या झाडाचीच पानं खातात, म्हणून गुलाबी फुलांचं स्वॅम्प मिल्कवीड लावलं, शिवाय लाल-पिवळ्या फुलांचं मिल्कवीड, आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात ते. आता शेंड्यांवर पिवळीजर्द मावा कीड खच्चून भरलीय आणि त्याच झाडांवर पट्टेरी अळ्याही आहेत. आई साताऱ्याहून आलीय, ती म्हणते कडुलिंबाचं तेल फवार. फवारू का?

मधुमालती: अजिबात नको! गुलाबावर मारायला आईंचा सल्ला ठीक, पण इथे माव्याबरोबर अळ्याही जातील. मावा दिसायला ओंगळ असतो, जोमदार झाडाचं त्याने फारसं बिघडत नाही. अगदीच बघवत नसेल तर आधी पानं उलटून बघा. मादी शक्यतो पानाच्या खालच्या अंगाला एकेक सुटं अंडं घालते. खसखशीएवढं, दुधी, उभ्या रेघांचं. अंडं-अळी नसलेला शेंडाच चिमटीत धरून मावा चिरडत जायचं. हातमोजे हवेतच, मिल्कवीडचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते.

हळदीकुंकू यंदा राहू द्या, तुमच्याकडच्या थंडीत आपोआप मरेल. पुढच्या वर्षी मात्र त्या जागी स्वॅम्पच लावा, चिकणमाती त्याला मानवते. बिया नोव्हेंबरात मातीत टाकून विसरून जा. थंडी खाल्ल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. रोपं विकत घेणार असाल तर कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे विचारूनच घ्या.

आणि नुसतं मिल्कवीड लावून भागत नाही. सप्टेंबरात निघणारी पिढी थेट मेक्सिकोत, मिचोआकानच्या डोंगरातल्या फर वृक्षांच्या रानात हिवाळा काढते. तिला वाटेत मध लागतो, म्हणून गोल्डनरॉड आणि न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर लावा. गोल्डनरॉडने शिंका येतात म्हणून शेजारी नाक मुरडतील, पण तो उद्योग रॅगवीड नावाच्या तणाचा. बटरफ्लाय बुशच्या नावाला भुलू नका, त्याची पानं मोनार्कची अळी खात नाही.

अण्णा_ऑस्टिन: आमच्या टेक्सासात हळदीकुंकू थंडीतही तग धरतं, तीच पंचाईत. पानांवर ओई नावाचा परजीवी साचत जातो आणि पुढची फुलपाखरं पंख वाकडे घेऊनच बाहेर येतात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ऑक्टोबरात जमिनीसरशी छाटावं. मी काढूनच टाकलं. शरदातल्या मधासाठी इथे फ्रॉस्टवीडसारखं दुसरं झाड नाही, आणि ते सावलीतही येतं.

दुर्वा_एनजे: मालतीताई, तेलाची बाटली आत ठेवली. पण सगळ्यात मोठी अळी सकाळपासून दिसत नाही. पक्ष्याने नेली का?

मधुमालती: बोटाएवढी झाली होती ना? मग कोश करायला गेली असेल. त्या झाड सोडून लांब जातात. कुंपणाच्या आडव्या फळीखाली, खुर्च्यांच्या खालून बघा. हिरवा, वर सोनेरी ठिपके, पानात मिसळून जातो. सापडला तर हलवू नका, आणि गवत कापणाऱ्याला दोन आठवडे त्या बाजूला फिरकू देऊ नका.