घरच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये १२ टक्के शेअर्स, डायरेक्टर काका कंपनीचं काम मुलाच्या फर्मकडे वळवतायत. काय करता येईल?

कुपवाडची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबांनी आणि मोठ्या काकांनी मिळून कुपवाड एमआयडीसीत मशीनिंगची कंपनी काढली होती, प्रायव्हेट लिमिटेड. बाबा गेले, त्यांचे १२ टक्के शेअर्स आईच्या नावावर व्हायचेत, अर्ज दिलाय पण काका बघू करू म्हणत लांबवतायत. डायरेक्टर काका-काकू दोघंच. आता जुन्या कस्टमरच्या ऑर्डरी चुलतभावाच्या पार्टनरशिप फर्मच्या नावावर निघतात, माल मात्र आमच्याच सीएनसी मशीनवर आमचेच ऑपरेटर काढतात, आणि शेड काकूंच्या नावावर आहे तिचं भाडं शेजारच्या शेडच्या जवळजवळ दुप्पट. डिव्हिडंड बंद, विचारलं की मंदी आहे म्हणतात. त्यात आता राइट्स इश्यू, म्हणजे सध्याच्याच शेअरहोल्डरांना पैसे भरून नवे शेअर्स घ्यायला सांगणं, काढणार असं कानावर आलंय. आईला भांडण नकोय पण बाबांनी उभं केलेलं असं पोखरलेलं बघवत नाही. पोलीस, दिवाणी कोर्ट, का अजून काही?

सीएस_सातारकर:
ताई, दिवाणी कोर्ट सोडा, कंपनी कायद्याच्या कलम ४३० नुसार एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, कंपन्यांचे वाद ऐकणारं ट्रिब्युनल) अखत्यारीतले विषय तिथे चालत नाहीत. तुमची जागा एनसीएलटी मुंबई. कंपनी कायदा २०१३ चं कलम १६६ वाचा, डायरेक्टरने सगळ्या सभासदांच्या हितासाठी, प्रामाणिकपणे आणि काळजीने काम करायचं, स्वतःचा किंवा नातेवाइकांचा गैरफायदा करायचा नाही, केला तर तेवढी रक्कम कंपनीला परत करायची, वर १ ते ५ लाख दंड. पण नीट लक्षात घ्या, ते पैसे कंपनीत परत येतात, आईच्या खात्यात नाही.

आईसाठी खरा रस्ता कलम २४१, म्हणजे दडपशाही आणि गैरकारभाराची याचिका. त्यासाठी १० टक्के शेअर भांडवल लागतं, किंवा १०० सभासद नाहीतर एकूण सभासदांच्या एक दशांश, यातलं जे कमी असेल ते. सहा-सात सभासदांची घरगुती कंपनी असेल तर एकटी आईसुद्धा पुरते. भांडवल मोजताना प्रेफरन्स शेअर्सही (ठरावीक डिव्हिडंडचे, साध्या इक्विटी शेअर्सपेक्षा वेगळे) धरतात हां, टाटा-मिस्त्री प्रकरणात मिस्त्री गटाकडे १८ टक्क्यांवर इक्विटी असूनही त्यामुळेच अट माफ करून घ्यावी लागली होती. आणि शेअर्स नावावर झाले नाहीत म्हणून काका तुम्हाला अडवू शकत नाहीत, मयत सभासदाचे कायदेशीर वारस अशी याचिका करू शकतात असं सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच वर्ल्ड वाइड एजन्सीज प्रकरणात सांगितलंय.

नाशिककर_७२:
आमच्या घरात हेच झालं म्हणून सांगतो, आधी कागद मग वकील. एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर १०० रुपये भरून कंपनीने फाइल केलेले ताळेबंद, वार्षिक रिटर्न सगळं बघता येतं. बोर्ड रिपोर्टला जोडलेला एओसी-२ फॉर्म उघडा, नातेवाइकांशी केलेले व्यवहार तिथे यायला हवेत. भाडं दिसतंय का, फर्मचं नाव दिसतंय का, आणि नसेल तर तोच तुमचा मुद्दा. कलम १८९ चं रजिस्टर, म्हणजे डायरेक्टरांचे हितसंबंध असलेल्या करारांची नोंदवही, सभासदाला ऑफिसात बसून बघता येतं, लेखी मागा, पोच घ्या. बोर्डाची मिनिट्स मात्र मिळत नाहीत, त्यासाठी ट्रिब्युनलकडेच मागावं लागतं. आम्हाला सगळ्यात जास्त कामाला आलं ते गेटवरचं आवक-जावक रजिस्टर, लोखंड कंपनीच्या नावाने आत आणि तयार माल दुसऱ्याच्या चलनावर बाहेर, तारखा जुळवल्यावर समोरच्या वकिलाला बोलायला काही उरलं नाही. शेवट बहुतेक वेळा व्हॅल्युएशन करून शेअर्स विकत घेण्यात होतो, आमचाही तसाच झाला. पोलिसात आधी गेलात तर हा आपसातला वाद आहे म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त.

गुंतवणूकदार_ठाणे:
थोडं अवांतर, लिस्टेड कंपनीत आपल्यासारख्या किरकोळ शेअरहोल्डरला १० टक्के कुठून आणायचे?

सीएस_सातारकर:
त्यांच्यासाठी कलम २४५, क्लास ॲक्शन, म्हणजे अनेक गुंतवणूकदारांनी मिळून लावायचा दावा. लिस्टेडमध्ये २ टक्के भांडवल किंवा १०० सभासद जमले तरी चालतं, आणि डायरेक्टरबरोबर ऑडिटरकडूनही भरपाई मागता येते. सत्यम या आयटी कंपनीचा हिशेबाचा घोटाळा २००९ मध्ये फुटला तेव्हा अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी तिथे दावा लावून कंपनीकडून १२.५ कोटी डॉलरची तडजोड मिळवली, आपले लोक हात चोळत बसले कारण इथे असं कलमच नव्हतं. आता आहे तर वापरलं पाहिजे, पण अजून फार कमी लोक वापरतात याचं फार वाईट वाटतं.

कुपवाडची_लेक:
खूप आभार. राइट्स इश्यूचं पत्र आलं आणि आईकडे तेवढे पैसे नसले तर? काकाच सगळे शेअर्स घेतील ना?

सीएस_सातारकर:
हो, आणि १२ चे ८ टक्के झाले की भांडवलाच्या अटीतून तुम्ही बाहेर, मग फक्त सभासदसंख्येवर मदार. म्हणून ते पत्र कपाटात टाकू नका, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, पैसे कशाला हवेत, भाव कसा काढला ते विचारा. केवळ दुसऱ्याचा वाटा घटवायला शेअर्स काढणं हा डायरेक्टरच्या विश्वासाचा भंग आहे, डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात मॅनेजिंग डायरेक्टरने स्वतःलाच शेअर्स वाटून घेतले होते आणि सुप्रीम कोर्टाने ते वाटप रद्द केलं, २००४ चा निकाल आहे. शक्य झालं तर वाटप व्हायच्या आधीच २४१ ची याचिका घाला आणि त्यातच २४२(४) खाली अंतरिम स्थगिती मागा. आईला म्हणावं, ट्रान्समिशनचा (बाबांचे शेअर्स वारसाच्या नावावर करायचा) अर्ज उद्याच स्पीड पोस्टाने पुन्हा पाठवा, मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद जोडून.